क्युरी तापमान ३१२ अंश आहे, तर चुंबक १३० अंशांतच का ढासळला?

उद्यमनगरकर
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे मोटार रिवाइंडिंगचे वर्कशॉप आहे. गेल्या पंधरवड्यात कागलकडच्या एका शेतकऱ्याची सोलर पंपाची बीएलडीसी (ब्रश नसलेली, रोटरवर कायमचे चुंबक असलेली) मोटार दुरुस्तीला आली. पंपात गाळ अडकून शाफ्ट जाम झाला होता आणि कंट्रोलर तरीही ती पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करत राहिला होता. उघडून पाहिले तर वाइंडिंगचे व्हार्निश तपकिरी पडले होते आणि आत चिकटवलेल्या तापमानपट्टीवरचा १३० अंशांचा चौकोन काळा झाला होता, त्यापुढचा १५० चा मात्र पांढराच होता. वाइंडिंग नवे भरले, बेअरिंग बदलले, तरी मोटार पूर्वीचा जोर धरेना. शेवटी रोटरवरच्या चुंबकांना गॉसमीटर, म्हणजे चुंबकाचा जोर मोजणारे यंत्र, लावला. याच मॉडेलच्या नव्या रोटरवर ३४०० गॉसच्या आसपास आकडा येतो, इथे कुठे २३०० तर कुठे त्याहून कमी येत होता.

चुंबक निओडिमियम-लोह-बोरॉनचे आहेत. त्यांचे क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर पदार्थाचे चुंबकत्वच मावळते ते तापमान, सुमारे ३१२ अंश सेल्सिअस असते, हे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. मग १३० ते १५० अंशांच्या दरम्यान असे काय घडले, की चुंबक थंड झाल्यावरही पूर्वपदावर आला नाही?

दुसरा प्रश्न. पुरवठादार म्हणतो की डिस्प्रोसियम हा धातू घातलेला चुंबक घ्या. तो महाग आहे आणि गॉसमध्ये थोडा कमीही भरतो. जास्त पैसे देऊन कमी ताकदीचा माल घ्यायचा, यामागचे शास्त्र मला समजून घ्यायचे आहे.

रंकाळा_पूर्व
ग्रेड कोणता होता ते आधी पाहा. आकड्यानंतर अक्षर नसेल तर तो साधारण ८० अंशांपर्यंतचा माल असतो. एम म्हणजे १००, एच म्हणजे १२०, एसएच म्हणजे १५०, यूएच म्हणजे १८० आणि ईएच म्हणजे २०० अंश, अशी ढोबळ उतरंड आहे.

उद्यमनगरकर
पावतीवर फक्त एन ३५ लिहिले आहे, आकड्यानंतर अक्षर नाही. पण माझा प्रश्न तिथेच सुरू होतो. क्युरी तापमान ३१२ असलेल्या वस्तूला कारखानदार ८० अंशांची मर्यादा का घालतो?

निवृत्त_पदार्थविज्ञान
उद्यमनगरकर, आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल, कारण मी तीस वर्षे शिकवताना हाच गोंधळ विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये पाहिला आहे.

आपल्या चुंबकाचा मुख्य स्फटिक म्हणजे निओडिमियमचे २, लोहाचे १४ आणि बोरॉनचा १ अणू अशा प्रमाणातले आंतरधातू संयुग. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी ते स्वतंत्रपणे पुढे आणले आणि १९८४ मध्ये दोघांचेही काम प्रसिद्ध झाले. या संयुगात कामाची वाटणी स्पष्ट आहे. चुंबकनाचा मोठा भाग लोहाकडून येतो आणि क्युरी तापमानही मुख्यतः लोह-लोह यांच्यातील बंधावरून ठरते. निओडिमियमचे काम वेगळे आहे. त्याच्या ४एफ नावाच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो, तो शेजारच्या अणूंच्या विद्युतक्षेत्रात एका विशिष्ट दिशेलाच सुखाने बसतो. त्यामुळे सगळे चुंबकन स्फटिकाच्या एका अक्षाला बांधले जाते. याला मी वर्गात दिशेचा हट्ट म्हणत असे. हा हट्ट आहे म्हणून तो कायमचा चुंबक आहे. केवळ लोहाचा चुंबक करून पाहिला तर उलट चुंबकीय क्षेत्राचा हलकासा झटका बसला तरी तो फिरतो.

अडचण अशी की निओडिमियमचे अणू आपापसांत फारसे बांधलेले नसतात. त्यांना रांगेत उभे करतो तो लोहाचा प्रभाव, आणि तो प्रभाव तुलनेने क्षीण असतो. म्हणून तापमान वाढू लागले की लोह आपली शिस्त सोडण्याच्या कितीतरी आधी निओडिमियम डळमळू लागते. चुंबकन थोडेसेच घटते, पण हट्ट झपाट्याने उतरतो. व्यवहारातले आकडे सांगतो. या चुंबकांचे अवशिष्ट चुंबकन, म्हणजे बाहेरचे क्षेत्र काढल्यावरही उरणारे चुंबकन, दर अंशाला सुमारे ०.१२ टक्क्याने घटते, तर उलट क्षेत्राला तोंड देण्याची ताकद, म्हणजे कोअर्सिव्हिटी, दर अंशाला सुमारे ०.६ टक्क्याने. साध्या ग्रेडची कोअर्सिव्हिटी २० अंशांना १२ किलोएर्स्टेड (हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) धरा. १३० अंशांना पोहोचेपर्यंत तिच्यातील सुमारे ६६ टक्के गेली, म्हणजे जेमतेम ४ उरली. त्याच वेळी चुंबकन फक्त १३ टक्क्यांनी घटलेले असते. जाम झालेल्या मोटारीच्या वाइंडिंगमधून येणारे उलट क्षेत्र आणि चुंबकाचे स्वतःचे उलट क्षेत्र मिळून त्या ४ ला सहज ओलांडतात.

शिरोली_फौंड्री
सर, आपले म्हणणे पटते, पण एक शंका आहे. आमच्या फौंड्रीत साचा फोडल्यानंतर लाल असलेले रायझर, म्हणजे ओतीवाला जोडून येणारे जादा लोखंडाचे तुकडे, चुंबकीय पुलीला अजिबात धरत नाहीत, पट्ट्यावरून वाळूबरोबर सरळ निघून जातात. तेच तुकडे थोड्या वेळाने काळे पडले की पुली त्यांना टक् करून ओढते. लोखंडाचे ७७० अंशांचे क्युरी तापमान मी असे रोज डोळ्यांनी पाहतो. तिथे गमावलेले चुंबकत्व थंड झाल्यावर पूर्ण परत येते. मग उद्यमनगरकरांचा चुंबक ७७० सोडाच, ३१२ लाही पोहोचला नाही, तरी त्याचे का परतले नाही?

निवृत्त_पदार्थविज्ञान
फार चांगले निरीक्षण आहे. आपल्या रायझरमध्ये जे परत येते ते चुंबकाने ओढले जाण्याचे सामर्थ्य. रायझर स्वतः चुंबक नव्हता आणि नंतरही झाला नाही. उद्यमनगरकरांच्या चुंबकातही ते सामर्थ्य जसेच्या तसे आहे, त्याचा प्रत्येक कण आजही पूर्ण चुंबकित आहे. फरक इतकाच की तापलेल्या अवस्थेत हट्ट उतरल्यामुळे काही कण उलटे फिरले. थंड होताना हट्ट परत आला आणि त्याने त्या उलट्या कणांना उलट्याच दिशेला घट्ट धरून ठेवले. जो गुण चुंबकाला टिकवतो, तोच आता त्याचे नुकसान टिकवून धरतो. पुन्हा जोरदार क्षेत्र देऊन चुंबकित केले तर हा तोटा भरून निघायला हवा. गंज लागून किंवा भेगा पडून गेलेला भाग मात्र परत येणार नाही.

करवीर_इंदूर
मूळचा कोल्हापूरचा, सध्या इंदूरला. डिस्प्रोसियमच्या प्रश्नाला हात घालतो, कारण माझ्या मते चुंबकांच्या या संपूर्ण कुटुंबातील सर्वांत सुंदर गोष्ट तिथे आहे.

दुर्मीळ मृदा मूलद्रव्य (निओडिमियम, डिस्प्रोसियम वगैरे) आणि लोह यांच्या संयुगांत दोघांची स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनांची स्वतःची अंगभूत चुंबकीय दिशा, नेहमी एकमेकांच्या विरुद्ध असतात. ४एफ इलेक्ट्रॉन आत खोल दडलेले असल्याने ते लोहाच्या ३डी इलेक्ट्रॉनांशी थेट बोलत नाहीत, मधल्या ५डी इलेक्ट्रॉनांच्या मार्फत बोलतात, आणि त्या मध्यस्थीतून ही विरुद्ध मांडणी ठरते. पण दुर्मीळ मृदा अणूचे एकूण चुंबकीय परिबल, म्हणजे अणूचे स्वतःचे चुंबकत्व, केवळ स्पिनचे नसते, त्यात कक्षीय गतीचाही वाटा असतो. हलक्या मूलद्रव्यांत, म्हणजे निओडिमियमसारख्या अर्ध्याहून कमी भरलेल्या कवचात, कक्षीय वाटा स्पिनच्या उलट आणि त्याहून मोठा असतो. त्यामुळे एकूण परिबल फिरून लोहाच्याच बाजूला येते आणि दोघांची बेरीज होते. जड मूलद्रव्यांत, म्हणजे डिस्प्रोसियम, टर्बियम, एर्बियम यांत, कक्षीय वाटा स्पिनच्याच बाजूचा असतो. तिथे एकूण परिबल लोहाच्या विरुद्ध उभे राहते आणि वजाबाकी होते.

आता आकडे पाहा. निओडिमियमच्या २:१४:१ संयुगाचे सामान्य तापमानाचे चुंबकन सुमारे १.६ टेस्ला आहे, डिस्प्रोसियमच्या त्याच संयुगाचे सुमारे ०.७. मात्र दिशेचा हट्ट डिस्प्रोसियममध्ये जवळपास दुप्पट आहे. क्युरी तापमानात दोघांमध्ये अवघा तेरा-चौदा अंशांचा फरक आहे, कारण ते लोहाच्या हातात आहे. म्हणजे आपला पुरवठादार खरे बोलतो. डिस्प्रोसियम घालून आपण गॉस देतो आणि त्याच्या बदल्यात उष्णतेतला टिकाव घेतो.

रंकाळा_पूर्व
यावर आता एक तोडगाही निघाला आहे, त्याचा उल्लेख व्हायला हवा. डिस्प्रोसियम सगळ्या मिश्रधातूत न घालता तयार चुंबकाच्या पृष्ठभागावर देऊन भट्टीत तापवतात. ते कणांच्या सीमांवरून आत झिरपते आणि प्रत्येक कणाच्या कडेलाच राहते. उलटे फिरण्याची सुरुवात बहुतेक वेळा कडेवरूनच होते, त्यामुळे तेवढी कड कणखर केली तरी पुष्कळ काम होते आणि गॉस फारसा कमी होत नाही. खरेदी करताना हा प्रकार मिळतो का, हे अवश्य विचारा.

फेराइटवाली
मी विद्यापीठात एम.एस्सी.ला फेराइटवर, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या चुंबकीय पदार्थांवर, प्रकल्प केला होता. आपल्याकडे शिवाजी विद्यापीठात फेराइटवर पुष्कळ वर्षे काम झाले आहे, म्हणून कोल्हापुरात या विषयाची आवड असणारे अनेक जण भेटतात. करवीर_इंदूर यांनी जी वजाबाकी सांगितली, तीच फेराइटमध्येही असते. दोन उपजालके (स्फटिकातील अणूंचे दोन गट) विरुद्ध दिशेला आणि असमान, म्हणून काही शिल्लक उरते. लुई नील यांनी १९४८ मध्ये या प्रकाराला फेरीचुंबकत्व असे नाव दिले. १९७० चे नोबेल त्यांना प्रतिलोहचुंबकत्व (दोन बाजू विरुद्ध आणि समान, म्हणून शिल्लक शून्य) आणि फेरीचुंबकत्व या दोन्हींवरील कामासाठी मिळाले.

माझा प्रश्न असा, की दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने घटत असतील, तर एखाद्या तापमानाला त्या अगदी समान होऊन एकूण चुंबकन शून्य व्हायला नको का?

करवीर_इंदूर
होतेच, ताई. त्याला प्रतिपूर्ती तापमान म्हणता येईल. एर्बियमचे १:२ संयुग (एक एर्बियम, दोन लोह) घ्या. थंड असताना एर्बियमची बाजू जड असते, पण तापवत गेले की ती लोहापेक्षा लवकर हलकी होते. सुमारे ४९० केल्विनला पारडी समान होतात आणि चुंबकन शून्यावर येते. त्यापुढे लोहाची बाजू वरचढ होते, चुंबकन पुन्हा वाढते आणि सुमारे ५९० केल्विनला क्युरी तापमानाजवळ पूर्णपणे मावळते.

इथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की ४९० ला चुंबकन शून्य असले तरी आतील शिस्त पूर्णपणे शाबूत असते. बाहेरून गॉसमीटर लावणाऱ्याला तो तुकडा मेलेला वाटेल, पण आतले प्रत्येक परिबल आपल्या जागी ताठ उभे असते. टर्बियम-लोह-कोबाल्टच्या पातळ थरांवर माहिती लिहिणाऱ्या मॅग्नेटो-ऑप्टिकल चकत्या याच गुणावर चालत असत. प्रतिपूर्ती तापमानाजवळ कोअर्सिव्हिटी प्रचंड असते, त्यामुळे लिहिलेले टिकते, आणि लेसरने एखादा ठिपका तापवला की तेवढ्याच जागी दिशा बदलता येते.

शिरोली_फौंड्री
मला वेगळेच कोडे पडले आहे. शुद्ध लोखंड ७७० अंश. २:१४:१ मध्ये लोह थोडे कमी, क्युरी ३१२. हे समजू शकतो. पण मी पाहिले की २:१७ प्रकारात (दुर्मीळ मृदेचे २ अणू, लोहाचे १७) लोहाचे प्रमाण अधिक आहे आणि तरी क्युरी तापमान आणखी खाली, निओडिमियमच्या बाबतीत तर सुमारे ३३० केल्विन म्हणजे साठ अंशांच्याही आत आहे. भट्टीच्या चार्जमध्ये भंगार वाढवले आणि ओतीव कमी निघाले, असा हा प्रकार वाटतो. लोह वाढले तर चुंबकत्वाची शिस्त कमी कशी होते?

निवृत्त_पदार्थविज्ञान
या धाग्यावरील हा सर्वांत खोल प्रश्न आहे असे मला वाटते. लोहाच्या अणूंची संख्या जितकी महत्त्वाची, तितकेच त्यांच्यामधले अंतर महत्त्वाचे. दोन लोह अणू फार जवळ आले, सुमारे २.४५ अँगस्ट्रॉमपेक्षा (अणूंमधले अंतर मोजण्याचे एकक) जवळ, तर ते एकमेकांना समांतर राहण्याऐवजी विरुद्ध राहणे पसंत करतात. २:१७ च्या रचनेत काही जागी दुर्मीळ मृदा अणूच्या ठिकाणी लोहाची जोडी डंबेलसारखी बसवलेली असते. ती जोडी अशीच दाटीवाटीने असते आणि तिचा कल बाकीच्या शिस्तीच्या विरुद्ध जातो. म्हणून संपूर्ण संयुगाची क्युरी पातळी खाली येते.

याचा पुरावा नायट्रोजनने दिला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात १९९० च्या सुमारास कोई आणि सन या आडनावांच्या दोन शास्त्रज्ञांनी समॅरियमच्या २:१७ संयुगाची भुकटी नायट्रोजन वायूत तापवली. नायट्रोजनचे अणू जालकातल्या मोकळ्या जागांत शिरले आणि आकारमान सुमारे सहा टक्क्यांनी फुगले. लोहाचा एकही अणू वाढला नाही, तरी क्युरी तापमान सुमारे ३८९ केल्विनवरून ७४९ केल्विनपर्यंत गेले. शिवाय चुंबकनाची सोयीची दिशा प्रतलातून उठून अक्षावर आली. केवळ अणूंना श्वास घ्यायला जागा मिळाल्याने पदार्थाचा स्वभाव पालटतो, हे मला आजही विस्मयकारक वाटते.

फेराइटवाली
उष्णतेबद्दल खूप झाले, थंडीबद्दलही कोणी सांगावे. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्यावर निओडिमियम चुंबक अधिक बलवान होतो का?

करवीर_इंदूर
सुरुवातीला होतो. सुमारे १३५ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे १३८ सेल्सिअसपर्यंत, चुंबकन आणि कोअर्सिव्हिटी दोन्ही वाढत जातात. त्याखाली मात्र चुंबकनाची सोयीची दिशा अक्षापासून कलू लागते आणि अगदी खालच्या तापमानाला तो कल सुमारे ३० अंशांचा होतो. याला स्पिन पुनर्रचना म्हणतात. स्फटिकाची ठेवण तीच, रासायनिक घटक तेच, आणि तरी ही एक वेगळी चुंबकीय प्रावस्था, म्हणजे पदार्थाची वेगळी अवस्था, आहे. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला असतो, म्हणजे तो या रेषेच्या खाली आहे. प्रासिओडिमियमच्या २:१४:१ संयुगात हा कल येत नाही, म्हणून सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धकात थंड करून वापरायच्या अंड्युलेटरांसाठी (इलेक्ट्रॉनांना नागमोडी वळवून प्रकाश निर्माण करणाऱ्या चुंबकरांगांसाठी) प्रासिओडिमियमचे चुंबक निवडले जातात.

आता विषय निघालाच आहे तर सेरियमच्या १:२ संयुगाबद्दलही लिहितो, कारण त्यावर आमच्या इंदुरात, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आणि युजीसी-डीएई संकुलात, महत्त्वाचे काम झाले आहे. गॅडोलिनियमच्या १:२ संयुगाचे क्युरी तापमान सुमारे ७९० केल्विन आहे. सेरियमचे मात्र फक्त २३० च्या आसपास. सेरियमचा ४एफ इलेक्ट्रॉन आत गुपचूप बसत नाही, लोहाच्या इलेक्ट्रॉनांत मिसळतो आणि सगळी शिस्त कमकुवत करतो. हे संयुग जणू उंबरठ्यावर उभे असते. त्यात लोहाच्या जागी काही टक्के ॲल्युमिनियम, रुथेनियम किंवा कोबाल्ट घातले की थंड करताना आधी लोहचुंबकत्व येते आणि आणखी थंड केल्यावर ते मोडून प्रतिलोहचुंबकत्व येते. त्या क्षणी जालकही वाकडे होते. हा बदल पाणी गोठण्यासारखा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत प्रथम क्रमाचा, असतो. थंड करतानाचे आणि तापवतानाचे तापमान जुळत नाही आणि मधल्या टप्प्यात एकाच तुकड्यात दोन्ही प्रावस्था शेजारी शेजारी नांदतात.

गुऱ्हाळ_पन्हाळा
मी शेतकरी आहे, इथले सगळे मला कळले असे म्हणत नाही. पण शेवटचा परिच्छेद वाचून काकवी आठवली. बरणीतली काकवी महिनोन् महिने तशीच राहते आणि मग तळाशी खडे धरू लागतात, वर पातळ आणि खाली खडे असे दोन्ही एकत्र दिसते. साखर बसायची वेळ कधीच झालेली असते, पण ती बसत नाही. तुमच्या सेरियमचे असेच काही आहे का?

करवीर_इंदूर
दादा, आपण अगदी मर्मावर बोट ठेवलेत. एक फरक मात्र नोंदवतो. काकवीत साखर द्रावणातून वेगळी होते, म्हणजे घटकांचे प्रमाण जागोजागी बदलते. सेरियमच्या संयुगात घटक हलत नाहीत, फक्त चुंबकीय मांडणी आणि जालकाची ठेवण बदलते. पण वेळ होऊनही बसत नाही, हे वर्णन तंतोतंत लागू पडते. पुरेशा मोठ्या चुंबकीय क्षेत्रात थंड केले, तर लोहचुंबकीय प्रावस्थेतून प्रतिलोहचुंबकीय प्रावस्थेत जाणे अर्ध्यावर गोठते. खाली तापमान इतके कमी असते की पुढे जायला लागणारी हालचालच उरत नाही. याला मॅग्नेटिक ग्लास असे नाव आहे. मग क्षेत्र कमी करून तो तुकडा हळूहळू तापवला की अडकलेला भाग मोकळा होतो, आधी प्रतिलोहचुंबकीय होतो आणि आणखी तापवल्यावर पुन्हा लोहचुंबकीय. तापवत असताना चुंबकन आधी पडते आणि मग चढते, तो आलेख पहिल्यांदा पडद्यावर उमटताना पाहिला, त्या रात्री मी प्रयोगशाळेतून घरी गेलोच नाही.

रंकाळा_पूर्व
चर्चा उत्तम चालली आहे, पण मूळ प्रश्नकर्ते कुठे आहेत? मोटारीचे काय झाले?

उद्यमनगरकर
सर्वांचे मनापासून आभार. मी गप्प होतो कारण सरांचे म्हणणे करून पाहत होतो.

रोटरवरचे चार चुंबक हळूच गरम करून सुटे केले आणि ओळखीच्या एका पुरवठादाराकडे पुन्हा चुंबकित करायला दिले. तीन चुंबक नव्यासारखे झाले, नव्याच्या तुलनेत फरक नगण्य आहे. चौथ्याचा निकेलचा मुलामा एका कोपऱ्यावर फुगला होता. नखाने खरवडले तर खालून करडी भुकटी निघाली, आणि तो मात्र भरून आला नाही. म्हणजे तिघांचे कण फक्त उलटे झाले होते आणि चौथ्याचा पदार्थच गेला होता. दोन्ही प्रकारचे नुकसान गॉसमीटरवर एकसारखेच दिसत होते.

नंतर एक नवा, अक्षर नसलेला चुंबक सुटाच तेलात टाकून थर्मामीटर लावून १३० अंशांपर्यंत नेला आणि अर्ध्या तासाने बाहेर काढून गार केला. जवळ वाइंडिंग नव्हते, करंट नव्हता, तरी त्याने बरीच ताकद गमावली. तोच प्रयोग एसएच ग्रेडच्या चुंबकावर केला, तर गार झाल्यावर आकडा जवळजवळ जागेवर आला. सुट्या पातळ चुंबकाचे स्वतःचेच उलट क्षेत्र मोठे असते, असे सरांनी फोनवर समजावले.

शेतकऱ्याला मी एसएच ग्रेड बसवून देणार आहे. गॉस थोडा कमी येईल हे त्यांना आधीच सांगितले. कंट्रोलरमध्ये, शाफ्ट जाम झाल्यावर तीनपेक्षा जास्त वेळा प्रयत्न करू नये, अशी सेटिंगही केली.

निवृत्त_पदार्थविज्ञान
उत्कृष्ट. तो चौथा, भुकटी सुटलेला चुंबक कृपया टाकून देऊ नका. शक्य झाल्यास पुन्हा चुंबकित केलेल्या तिघांपैकी एक आणि तो, असे दोन्ही मला द्या. गॉसमीटरवर एकसारखे दिसणारे दोन तोटे विद्यार्थ्यांच्या हातात देऊन दाखवायला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही. रविवारी सकाळी मी उद्यमनगरात येतो.

उद्यमनगरकर
अवश्य या सर. दोन्ही वेगवेगळ्या लाकडी खोक्यांत कापसात बांधून ठेवतो, म्हणजे एकमेकांवर आदळून तुटणार नाहीत.